‘नाही’ म्हणणारा काचवाला

आमच्या साडभाऊंचा या पृथ्वीतलावर एकाच प्रकारच्या माणसावर विश्वास आहे : जो तोंडावर ‘नाही’ म्हणतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार दारव्हा, एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त. आमच्याकडे कुठल्याही कामाला ‘होऊन जाते ना!’ म्हणायची रीत आहे. नळ गळतो? होऊन जाते. छत गळतं? होऊन जाते. हे शब्द कानावर पडले की साडभाऊ चपला घालून चालू लागतात. भाजीवालीला विचारतात, ‘वांग्यात कीड तर नाही ना?’ ती ‘एक बी नाही’ म्हणाली तर पुढे जातात. ‘आता भाऊ, एखाद्या-दोनात निंघनच’ म्हणाली की दोन किलो घेतात. त्यांचा शिंपी दिवाळीचे कपडे संक्रांतीला देतो, पण ‘दिवाळीले होत नाही’ हे दसऱ्यालाच सांगतो, म्हणून तो देवमाणूस. लग्नसुद्धा याच कसोटीवर झालं. मुलगी पाहायला गेले तेव्हा विचारलं, ‘स्वयंपाक येते काय?’ आमच्या अक्का म्हणाल्या, ‘नाही.’ साडभाऊंनी तिथल्या तिथे होकार दिला. अक्का खोटं बोलल्या नव्हत्या, हे त्यांच्याकडे जेवलेला कोणीही सांगेल.

तर अशा माणसाच्या गाडीची समोरची काच फुटली. मारेगावच्या रस्त्यावर पुढच्या टिप्परमधून गोटा उडाला आणि काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला, भाजलेल्या पापडाला जातो तसा. एरवी त्यांनी त्या तड्यातूनच दोन वर्षं जग पाहिलं असतं. पण त्यांची एकुलती एक पोरगी झरी जामणीला नर्स, जावई नोकरीपायी लांब, पहिलं बाळंतपण, आणि सातवा महिना सरत आलेला. आठव्यात पोटुशी पोरीला गाव ओलांडू द्यायचं नाही, हा अक्कांचा कायदा, आणि नवव्यात त्या रस्त्याने आणणं म्हणजे जिवाशी खेळ. अक्कांचे गुडघे असे, की त्या तिकडे जाऊन राहू शकत नव्हत्या. म्हणजे आठ दिवसांत आणली तर आणली, नाहीतर पोर आईवाचून तिकडेच बाळंत होणार. मी भाड्याच्या गाडीचं सुचवून पाहिलं. ‘अनोळखी ड्रायव्हरच्या हाती पोरगी देऊ काय, मास्तर?’ म्हणत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप चहा प्यायलो.

मग विश्वासू काचवाल्याचा शोध सुरू झाला. साक्षीदार म्हणून मी सोबत. दारव्ह्याचा पहिला म्हणाला, ‘होऊन जाते ना भाऊ, एका घंट्यात!’ तो गेला. यवतमाळला एक चकचकीत दुकान होतं, बसायला सोफा, प्यायला थंड पाणी. मालक म्हणाला, ‘काका, डोळे झाकून विश्वास ठेवा.’ साडभाऊ उठले. ‘डोळे झाकून चालवाची असती तर काच कायले लावली असती?’ तिसऱ्याला विचारलं, पावसात गळणार तर नाही? तो छातीवर हात मारून म्हणाला, ‘एक थेंब नाही!’ साडभाऊ मला बाहेर नेऊन म्हणाले, ‘मास्तर, देवाच्या देवळात पानी गळते. हा कोन लागून गेला?’ यात चार दिवस गेले. अक्कांनी माझ्याशीही बोलणं सोडलं.

पाचव्या दिवशी यवतमाळातच एका गल्लीत एक म्हातारे चाचा भेटले. त्यांनी काचेकडे पाहिलंही नाही. कडेचं रबर नखाने उचललं, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘नहीं होता.’

साडभाऊंनी माझा दंड धरला. ‘सापडला!’

‘रबर के नीचे पत्रा सड गया,’ चाचा म्हणाले. ‘पहले वो काटना पडेंगा, नया जोडना पडेंगा, फिर काँच. छे दिन.’

मी म्हणालो, बाकीचे तर तासाभरात लावून देतात. ‘लगा देंगे. पहले गड्ढे में काँच गोदी में आयेंगी.’

साडभाऊंचा उजळलेला चेहरा हळूहळू उतरला. हाती उरले होते चार दिवस. आणि मग मी जन्मात न ऐकलेलं ऐकलं. साडभाऊ हात जोडून म्हणाले, ‘चाचा, पोरगी आनाची हाये माहेरी. सातवा सरून राह्यला. चार दिवसात... होऊन जाईन ना?’

‘पहली बार है?’

‘हो.’

‘तब तो बिलकुल नहीं,’ म्हणत चाचांनी खिशातून स्वतःच्या व्हॅनची किल्ली काढली आणि पुढे धरली. साडभाऊंना राहवलं नाही. ‘एसी चालते?’ ‘नहीं.’ ‘हॉर्न?’ ‘कभी कभी.’ ‘ब्रेक?’ ‘ब्रेक नया है.’ दीड ‘नाही’ पदरात पडलं होतं, म्हणून तिसऱ्या उत्तरावर त्यांनी विश्वास ठेवला. आपली गाडी तिथेच सोडून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो.

येताना मी मागे बसलो होतो, पोर पुढे. साडभाऊ असे चालवत होते की दोन बैलगाड्यांनी आम्हाला मागे टाकलं. पांढरकवडा मागे पडलं तशी पोर एकदम म्हणाली, ‘बाबा, सगळं नीट होईल ना?’ शेकडो बायांची बाळंतपणं केलेली नर्स ती. पण आवाज सात वर्षांच्या पोरीचा होता. मी मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, आज तरी हो म्हण.

साडभाऊंनी व्हॅन एका खड्ड्याच्या कडेने हळूच काढली. ‘मले मालूम नाही, बाई,’ ते म्हणाले. ‘पन मी दवाखान्याच्या दारात बसून राहीन. उठनार नाही.’

तिने मान मागे टेकली आणि थोड्याच वेळात तिला गाढ झोप लागली. माझी मुलगी पुण्याला असते. मी तिला फोनवर रोज सांगतो, काही काळजी करू नको, सगळं छान होईल. ती ‘हो बाबा’ म्हणते. त्यानंतर तिला झोप लागते की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.