अडखळणारा डॉक्टर

लेक नुकती रांगायला लागली होती, त्या उन्हाळ्यात आमच्या दौंडच्या घरात वायरलेस इंटरनेट आलं. माझी नोकरी त्याच्यावर अवलंबून होती, आणि नोकरीपेक्षाही लेकीचं दूध त्याच्यावर अवलंबून होतं.

माझं काम असं होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची सगळी हकीकत बोलून रेकॉर्ड करून ठेवायचे. ते बोलणं पुण्यातल्या एका कंपनीकडे यायचं आणि आम्ही बायका कानाला हेडफोन लावून ते टाइप करायचो. पायाखाली शिलाई मशीनसारखं पेडल असायचं. दाबलं की डॉक्टर बोलायचा, पाय उचलला की गप्प बसायचा. आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही पुरुषावर माझी इतकी हुकमत चालली नाही. बाळंतपणाआधी मी रोज सकाळच्या शटल गाडीनं पुण्याला जात होते आणि दिवेलागणीला परतत होते. बाळंतपणानंतर कंपनीनं एक जुना, धोंड्यासारखा जड लॅपटॉप दिला, पेडल दिलं आणि घरून काम कर म्हणून सांगितलं. आवाज इंटरनेटवरूनच ऐकायचा होता. अट एकच, रिपोर्ट वेळेत पोचले पाहिजेत.

मला ती अट फार सोपी वाटली होती. लेक बाटली तोंडाला लावू देत नव्हती. वाटी-चमचा पुढं आणला की फुर्र करून सगळं सासूबाईंच्या अंगावर उडवायची. तिला मीच लागायचे. परत पुण्याला जावं लागलं तर दिवसभर ती काय करेल, हा विचारच मला नको वाटायचा.

आमच्या घराच्या तीन खोल्या एकामागे एक होत्या. बाहेरच्या खोलीत टीव्ही, आबांची खाट आणि स्टुलावर टेलिफोन. आबा म्हणजे माझे सासरे, रेल्वेतून निवृत्त झालेले. मधल्या खोलीत स्वयंपाक आणि पाण्याचे चार निळे ड्रम, भिंतीला लागून विटांवर उभे केलेले. मागच्या खोलीत माझं टेबल. तिथंच बसणं भाग होतं, कारण घट्ट लागणारं दार तेवढं एकच होतं. लेकीनं मला पाहिलं की काम संपलं, ती थेट पेडलवर येऊन बसायची. टेलिफोनची तार बाहेरच्या खोलीत येत होती म्हणून राउटरही तिथंच, टेलिफोनशेजारी स्टुलावर ठेवला होता. सासूबाईंनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. आमच्या घरात रुमालाशिवाय उघडी अशी कुठलीच वस्तू राहत नसे.

पहिले काही दिवस बरे गेले. मग डॉक्टर अडखळायला लागला. दोन शब्द बोलायचा, थांबायचा, पुन्हा अर्ध्या शब्दापासून सुरू व्हायचा. नाव चुकलं तर एक वेळ चालतं, पण औषध किती द्यायचं तो आकडाच गिळला गेला तर टाइप काय करायचं? अंदाजानं भरणं मला जमणारं नव्हतं. मी पुन्हा मागं जाऊन ऐकायचे, पुन्हा तो तिथंच अडकायचा. रिपोर्ट उशिरा जायला लागले. आणि पंचाईत अशी की दुसऱ्या दिवशी तोच डॉक्टर घडाघडा बोलायचा.

आधी मी रुमाल काढला. सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत आणि फरक काही पडला नाही. मग राउटर बंद करून चालू केला. नवरा शिरूरकडच्या कारखान्यात कामाला होता. त्यानं सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपमधलं नको ते सगळं पुसलं, व्हायरस शोधला. मग लांबलचक केबल आणून ती बाहेरच्या खोलीतून थेट माझ्या टेबलापर्यंत ओढली. एक दिवस फार सुखाचा गेला. केबलमुळं दार पुरतं लागत नव्हतं, तेवढ्या फटीतून लेकीला केबल दिसली. दोन नवे दात आले होते, ते तिनं त्याच्यावर चालवून पाहिले आणि मग अशी ओढली की लॅपटॉप टेबलाच्या कडेला आला. केबल गुंडाळून माळ्यावर गेली.

शेवटी बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मेकॅनिकला फोन केला. डॉक्टर अडखळत होता तेव्हाच केला, म्हणजे त्याला प्रत्यक्ष दाखवता येईल.

"वहिनी, आज न्हाई जमायचं," तो म्हणाला. "आज पाण्याचा दिवस हाय. घरी मी एकटाच भरणारा. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तो आला. सगळं झकास चालत होतं. "चालतंय की वहिनी," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. पुन्हा बिघडलं, पुन्हा फोन केला, पुन्हा तो उद्या म्हणाला, उद्या आला आणि पुन्हा सगळं ठीक. तिसऱ्या खेपेला त्यानं लॅपटॉपकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. नवराही रात्री जेवताना म्हणाला, "अगं, तुझंच काम करायचं मन नसंल तर तसं सांग." मी ताट ढकलून उठले. डोकं फिरलं की मला काही सुचत नाही, आणि तेव्हा माझं डोकं दिवसाआड फिरत होतं.

मग पुण्याहून आमच्या टीम लीडर बाईंचा फोन आला. बाई वाईट नव्हत्या. "अगं, मी तरी वर किती दिवस सांभाळून घेऊ?" त्या म्हणाल्या. "या महिन्यात इथून पुढं एकही रिपोर्ट उशिरा आला, तर पहिल्या तारखेपासून ऑफिसला यावं लागेल तुला. माझा नाइलाज आहे."

फोन ठेवला आणि मधल्या खोलीत जाऊन ड्रमला पाठ टेकून बसले. ड्रम गार लागत होता. मी पोटभर रडले. लेक रांगत आली आणि मांडीवर चढून दूध प्यायला लागली, त्यामुळं रडणंही नीट पुरं झालं नाही.

त्यानंतर मी टेबलाशी बसले तेव्हा आलेला रिपोर्ट एका म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्याचा होता. डॉक्टर अडखळत का होईना, नेहमीच्या क्रमानं सांगत होता. दुखणं कधीपासून आहे, सतत असतं की अधूनमधून, कशानं वाढतं, कशानं कमी होतं. पेशंटची ही हिस्टरी मी शेकडो वेळा टाइप केली होती. हा भाग झाल्याशिवाय एकही डॉक्टर औषधाकडे वळत नाही. आणि इथं आम्ही सगळे पहिल्या दिवसापासून औषधच देत सुटलो होतो. या राउटरला कुणी विचारलंच नव्हतं की बाबा, तुझं दुखणं वाढतं कधी.

दुपारी जेवताना मी विचारलं, "आई, मी लॅपटॉपवर ओरडते ते नक्की कुठल्या दिवशी? आठवतंय का?"

"मला वार काय सांगता येत न्हाईत," सासूबाई म्हणाल्या. "पर काल-परवा तू वरडलीस तवा मी ड्रम भरून हांडा उचलत हुते. दचकून निम्मा हांडा सांडला. पाण्याचा दिवस हुता."

"त्याच्या आदी बी पाण्याच्याच दिशी," आबा म्हणाले. "मेकॅनिक येत न्हाई म्हणून तू चिडली हुतीस."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या घरात सोमवार-मंगळवार असे वार नव्हतेच. माझं माहेर वडगाव रासाईचं, नदीकाठचं, तिथं पाणी मोजायची कुणाला सवय नव्हती. दौंडलाही भीमा गावाला खेटून वाहते, पण उन्हाळा तापला की आमच्या आळीला नळ दिवसाआड यायचा आणि चारही ड्रम भरून ठेवावे लागायचे. इथं लग्न होऊन आल्यावर मी दोनच वार शिकले, पाण्याचा आणि बिनपाण्याचा. मेकॅनिकलाही तेच दोन ठाऊक होते, म्हणून तो दर खेपेला बिनपाण्याच्या दिवशी येत होता.

पण पाण्याचा इंटरनेटशी काय संबंध? आधी वाटलं, आळीभर मोटारी लागतात, त्यानं लाइट कमी होत असेल. पण मोटारी सकाळी तासाभरात बंद व्हायच्या आणि डॉक्टर संध्याकाळपर्यंत अडखळत राहायचा. मग संध्याकाळपर्यंत घरात दुसरं काय राहतं? मी ताटावरून उठून माझ्या खुर्चीत जाऊन बसले आणि सरळ समोर बघितलं. समोर भिंत. भिंतीपलीकडे चार ड्रम, त्या दिवशी काठोकाठ भरलेले, बिनपाण्याच्या दिवशी निम्मे रिकामे. त्यांच्यापलीकडे अगदी त्याच रेषेत टेलिफोनचं स्टूल.

"आई, ड्रम रिकामे करून बघू का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लेकीला नदीत सोडू का म्हणून विचारलं होतं. "भरल्यालं पाणी वतून देतीस? खुळी हायस का?"

आबा उठून बाहेरच्या खोलीत गेले. खाटेवर चढले, राउटर दोन्ही हातांनी उचलला आणि तार पुरेल तेवढा डोक्याच्या वर धरला. "बघ जा," म्हणाले.

मी आत गेले. हेडफोन लावला, पेडल दाबलं. डॉक्टर त्या म्हातारीच्या गुडघ्याबद्दल एका दमात सगळं बोलून गेला. सूज, औषध, आकडा, सगळं. मी ओरडले, "आबा, खाली घ्या." डॉक्टर अडखळला. "वर." डॉक्टर सुरळीत झाला. मला इतकं हलकं वाटलं की हसू आवरेना. तसंच हसत मी तो रिपोर्ट टाइप करायला घेतला, शेवटपर्यंत केला, तपासला, पाठवून दिला.

दार उघडून बाहेर आले तर आबा अजून खाटेवर उभे. हात तसेच वर, कपाळावर घाम. सासूबाई एका हातानं नातीला कडेवर घेऊन दुसऱ्या हातानं त्यांचं धोतर धरून उभ्या होत्या, पडू नयेत म्हणून.

"आबा, अजून कशाला धरून उभे आहात?"

"तू खाली घ्या म्हणलीच न्हाईस," आबा म्हणाले. "झाला का त्याचा बोलून?"

खाटेवर चढून मी राउटर त्यांच्या हातातून घेतला.

संध्याकाळी नवऱ्यानं बाहेरच्या खोलीच्या दारावर छताजवळ एक फळी ठोकली, टेलिफोनची तार वाढवली आणि राउटर तिथं चढवला. हातोडी खाली ठेवून तो म्हणाला, "परवा जेवताना बोललो ते मनाला लावून घेऊ नको." मी म्हटलं, लावून घेतलंय, आता चहा कर. त्यानं केला. कारखान्यातल्या कुणीतरी पुढं त्याला सांगितलं की पाणी या लहरी शोषून घेतं. सासूबाईंनी नवा रुमाल विणून फळीवर अंथरला. राउटरच्या वर नाही, खाली. तेवढी तडजोड दोघींनी केली.

महिन्याच्या शेवटी बाईंचा फोन आला. "सगळे वेळेत आले गं. राहा घरीच." मी थँक्यू म्हणाले आणि फोन ठेवल्यावरही बराच वेळ स्टुलावर हात ठेवून तिथंच उभी राहिले.

पहिली तारीख नेमकी पाण्याच्या दिवशी आली. सकाळी मी पाइप धरून एकेक ड्रम भरत होते, तेवढ्यात लेक रांगत आली आणि भिजलेला पदर ओढायला लागली. चौथा ड्रम काठोकाठ भरून मी त्याला पाठ टेकून खाली बसले आणि तिला मांडीवर घेतलं. स्टेशनकडून शटलचा भोंगा ऐकू आला. लेकीनं दूध सोडून मान वळवली, आवाज गेला त्या बाजूला थोडा वेळ बघितलं आणि पुन्हा प्यायला लागली.