काकूंकडची झोप

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना मला एका साठीच्या बाईंचा हेवा वाटायचा. हेवा हा सभ्य शब्द झाला. खरं सांगायचं तर मी त्यांच्यावर जळायचे.

त्या सदाशिव पेठेत आपल्या राहत्या घरातच पाळणाघर चालवायच्या. मुलांसकट आम्ही सगळे पालकही त्यांना काकूच म्हणायचो. संध्याकाळी मी मुलीला घ्यायला गेले की न विचारता सांगायच्या, एकला झोपली, तीनला उठली. जणू त्यात काही विशेष नव्हतंच.

घरी हीच मुलगी दुपारी डोळे मिटायची नाही आणि रात्री गादीवर उड्या मारत बसायची. मी काही कमी केलं नव्हतं. व्हिडिओ बघून बघून सगळा क्रम लावला होता. कोमट पाण्याची अंघोळ, हळदीचं दूध, तीन गोष्टी, मंद दिवा. दिवा तर खास चंद्राच्या आकाराचा मागवला होता. तिसऱ्या गोष्टीपर्यंत मलाच डुलकी लागायची आणि ती मला हलवून विचारायची, पुढे काय झालं. नवरा एकदा म्हणाला, काकूंनाच विचारून बघ ना. त्यावर मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. माझ्या पोरीला कसं झोपवायचं, हे मी दुसऱ्या बाईला विचारायचं?

विचारलं नाहीच. पण एका दुपारी दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय असं ऑफिसात सांगून मी एकच्या सुमाराला काकूंकडे पोचले. दात ठणठणीत होते. काकू मुलांना दटावत असणार, नाहीतर टीव्हीसमोर बसवत असणार, याची मला खात्री होती. तसं काहीतरी सापडावं अशी मनापासून इच्छाही होती.

पाहिलं तर नऊ मुलं आपापली सतरंजी ओढत आणत होती. घरी चमचासुद्धा न उचलणाऱ्या माझ्या मुलीनं सतरंजी अंथरली, शूला जाऊन आली, पाण्याचा एक घोट घेतला आणि आडवी झाली. मी दाराआड होते, तिला दिसले नाही. काकूंनी पडदा ओढला, मुलांकडे पाठ करून बसल्या आणि गवार निवडायला लागल्या. गाणं नाही, गोष्ट नाही. एक मुलगा कुरकुरला, तर मागे न बघताच हात नेऊन त्याला थोपटलं. पंधरा मिनिटांत सगळे गाढ.

त्या पाणी प्यायला बाहेर आल्या तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. ही घरी का झोपत नाही, असं विचारलं.

"अहो, तिला झोप येते, तुम्हीच येऊ देत नाही," काकू म्हणाल्या. "सारखं तिच्या तोंडाकडे काय बघायचं?"

स्वारगेटच्या सिग्नलपर्यंत मी स्कूटरवर त्यांना मनातल्या मनात पाच-सहा सणसणीत उत्तरं दिली.

आणि रविवारी दुपारी मुकाट्यानं तेच केलं. जेवणं झाल्यावर मुलीच्या हातात सतरंजी दिली, पडदा ओढला आणि तिच्याकडे पाठ करून मटार सोलत बसले. वळून बघायचा इतका मोह होत होता की मान अवघडली. ती बराच वेळ चुळबुळ करत होती. मग तिचा पाय माझ्या पाठीला लागला आणि तिथेच राहिला. श्वास संथ झाला. जिंकले एकदाची, असं वाटलं मला. उद्या संध्याकाळी काकूंनी न विचारताच त्यांना काय सांगायचं, तेही ठरवून टाकलं.

तेवढ्यात ती अर्धवट झोपेत म्हणाली, "काकू, आई कधी येणार?"

मी वळले असते तर ती जागी झाली असती. मी मागे हात नेला आणि तिला थोपटलं.

"येईल हं," मी म्हणाले. "झोप तू."