तिसरी ओळ

कंपनीत तिला सगळे मुंगळी म्हणायचे. एखाद्या कामाला चावली की तुटेल पण सोडणार नाही, म्हणून. कंपनी हॉस्पिटलांसाठी रक्त शुद्ध करणारी यंत्रं बनवायची. त्या यंत्रांचा बूटलोडर, म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम, तिच्या ताब्यात होता.

यंत्रं दुरुस्त करायला गावोगाव फिरणारे मामा तिचे सख्खे मामा. सोल्डरिंग ती त्यांच्याच टेबलावर शिकली. गेल्या महिन्यात मामांनी एका यंत्रावर प्रोग्रामची भलतीच आवृत्ती चढवली आणि ते दिवसभर बंद पडलं. साहेबांनी फर्मान काढलं: शुक्रवारी माझ्यासमोर यंत्र सुरू करून दाखवा, चुकलात तर सोमवारपासून गोदामात बसा.

"मामा, खरं सांगा. पडद्यावरचं वाचलं होतं ना?"

"वाचतंय कोण! नव्या पडद्यावर अक्षरं म्हणजे नुसती खसखस. तिसरी ओळ आपली, एवढं पाठ होतं. कुणा शहाण्याने वर दोन ओळी वाढवल्या."

त्या ओळी तिनेच वाढवल्या होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला, आणि तिने तडक बूटलोडर उघडला.

जुनी अक्षरं ठरावीक ठिपक्यांची, मोठी होणारी नव्हतीच. तिने हव्या त्या मापात उमटणारा फॉन्ट बूटलोडरमध्ये बसवला. माप चौपट ठेवलं, पण या फॉन्टने प्रोग्राम फुगून मेमरीत दिलेल्या जागेबाहेर! मग फॉन्टमधली न लागणारी शेकडो चिन्हं एकेक करून हाकलली. तरी अकरा किलोबाइट जास्तच. आता उरला कंपनीचा लोगो, साहेबांचा जीव की प्राण. बोलणी खाऊ, म्हणाली, आणि तो काढून टाकला.

मोठ्या अक्षरांत सगळ्या ओळी मावेनात, म्हणून वाढवलेल्या दोनांतली एक तिने काढली आणि मामांची ओळ आता चौथी झाली. हे तिने मामांना मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तेही पाठ केलं असतं.

शुक्रवारी यंत्र चालू झालं तसे साहेब खेकसले, "आपला लोगो कुठे गेला?"

"त्याच्या जागेवर अक्षरं आलीत, साहेब."

पडद्यावरच्या कितव्या ओळीतली आवृत्ती चढवायची, तो आकडा दाबायचा होता. मामांचं बोट सवयीने तीनवर गेलं. आपण सांगायला हवं होतं, असं तिला फार वाटलं.

बोट तिथेच थांबलं. मामांनी मान वर केली आणि हातभर लांबून, ती लहान असताना तिला वाचून दाखवायचे तशी, एकेक ओळ मोठ्याने वाचली. मग चार दाबलं. यंत्र सुरळीत सुरू झालं. साहेब लोगोबद्दल पुटपुटत निघून गेले. गोदामाचं नाव त्यांनी काढलं नाही.

मामा हत्यारांची पिशवी आवरू लागले.

"आता खुशाल वाढव गं ओळी," ते तिच्याकडे न बघताच म्हणाले. "मी वाचीन."