फुलसावंगीची आत्या आली नाही

डॉक्टरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी सात वर्षांची होते. मला त्या खड्ड्याची गंमत वाटली, म्हणून मी दुसरा पायही पुढे केला.

डॉक्टर आईला म्हणाले, "ताई, ही जाडी नाही. ही सूज आहे."

आई माझ्या गालांकडे बघत राहिली. गेले पंधरा दिवस याच गालांचं कौतुक चाललं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी फुलसावंगीला आत्याकडे राहून आले होते. आमच्याकडे पोर पाहुणं जाऊन आलं की लोक आधी त्याचे गाल बघतात. गाल भरले असले की समजायचं, तिकडच्यांनी जीव लावला. आत्याच्या घरी म्हशी, ताटात दूध-तूप. बाबा मला घ्यायला आले तेव्हा आत्या मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, "पोरीनं अंग धरलं रे भाऊ. तुह्या गिरणीच्या पिठावर कायचं अंग धरते ते."

दारव्ह्याला आमची पिठाची गिरणी. दळण घेऊन येणाऱ्या बायका माझे गाल ओढून जायच्या. सकाळी माझे डोळे उघडत नसत, तर आई म्हणे, झोप जास्त झाली. फ्रॉक पाठीत बसेना, तर आईने हसत हसत शिवण उसवली. मीही ऐटीत होते. मग पोट नगाऱ्यासारखं झालं आणि लघवी जवळजवळ थांबली, तेव्हा दारव्ह्याच्या डॉक्टरांनी यवतमाळला पाठवलं.

आजाराचं नाव नेफ्रॉटिक सिंड्रोम. लहान मुलांना होतो. आपली किडनी म्हणजे एक चाळणी असते. तिची भोकं मोठी होतात आणि रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे निघून जातं. मग रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, डोळ्यांखाली, पायांत, पोटात साचतं. बाबांना चाळणी म्हटल्यावर चटकन कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "चाळणी बदलता येत नाही ना साहेब?" डॉक्टर म्हणाले, "बदलायची गरज नाही. औषधाने भोकं पुन्हा बारीक होतात. बहुतेक मुलं बरी होतात. पण धीर लागतो."

हे सगळं मला मोठेपणी आईने सांगितलं. तेव्हा मला कुणीच काही सांगितलं नाही. मला फक्त भरती केलं.

वॉर्ड पहिल्या मजल्यावर होता. रोज सकाळी सिस्टर माझी लघवी काचेच्या नळीत घेऊन तापवायच्या. प्रोटीन असलं की ती फाटलेल्या दुधासारखी पांढरी व्हायची. आई नळीकडे बघायची, मी आईकडे. ती वळून खिडकीचा पडदा ओढायला लागली की मला कळायचं, आजही पांढरी झाली. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होत्या. त्यांनी भूक वाढायची आणि मीठ तर बंद. मी अळणी वरणभातासाठी रडायचे आणि ताटात आला की थुंकायचे.

पण खरी भीती सुयांची नव्हती, गोळ्यांचीही नव्हती. भीती नातेवाइकांची होती.

आधी यवतमाळचे काका-काकू आले. ते जवळच राहायचे, त्याचं काही वाटलं नाही. मग दिग्रसचा मामा आला. मग दारव्ह्याहून मोठी आई, म्हणजे बाबांची वहिनी, काळीपिवळी जीपने शेजारणींना घेऊन आली. सगळ्यांच्या हातात बिस्किटांचे पुडे, सगळ्यांचा आवाज खाली. येणारा प्रत्येक जण डोक्यावरून हात फिरवायचा आणि मग माझ्याकडे न बघता आईला विचारायचा, "काय म्हनते डाक्टर?"

एवढी माणसं एका खाटेभोवती मी एकदाच पाहिली होती. आदल्या उन्हाळ्यात, आमच्या बैठकीत, आजोबांच्या खाटेभोवती.

आजोबा बरेच दिवस डोळे मिटून पडून होते. माणसं येत, चमच्याने पाणी पाजत, बाजूला होत. सगळे म्हणत, "लेकीत जीव अडकला. फुलसावंगीवाली आली की सुटतीन." आत्याला पोचायला संध्याकाळ झाली. महागावला गाडी हुकली, पुढे पुसदला थांबावं लागलं. ती आली, पिशवी खाली ठेवली, आजोबांचं तोंड ओलं केलं आणि म्हणाली, "बाबा, मी आली." आणि आजोबा गेले. मी दाराच्या फटीतून बघत होते. सगळ्यांनी मान हलवली, म्हणजे बरोबर झालं.

मला त्यातून जे कळायचं ते कळलं. माणसं गोळा होतात. शेवटी आत्या येते. मग सुटका होते.

एक दिवस काकू वॉर्डाबाहेर कुणाला तरी सांगत होती, "फुलसावंगीवाली निघाली म्हनते." मी ते ऐकलं. आत्या मला जगात सगळ्यात जास्त आवडायची. तिच्या म्हशीच्या पाठीवर मी बसले होते, तिच्या पदराला हात पुसत होते. आणि आता ती एस.टी.त बसून माझ्याकडे येत होती. मी खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला तो सोडेना. सिस्टरने सुई लावायला हात मागितला, मी दिला नाही. जेवले नाही. मागचं दार कुठे आहे तेही विचारलं म्हणे.

डॉक्टर राउंडला आले. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि बाबांना म्हणाले, "हिला काय झालं ते मला विचारू नका, हिला विचारा. पोरांना आजाराची भीती कमी वाटते. मोठ्यांच्या तोंडाची जास्त वाटते."

बाबा खाटेवर बसले. त्यांना असं बसून बोलायची सवय नव्हती. गिरणीच्या आवाजात बोलून बोलून त्यांचा आवाजही मोठा.

"काय झालं वो माय?"

"आत्या आली की मी मरीन का?"

"काहून?"

"आजोबा मेले ना."

बाबा हसले असते तर मी समजले असते की उत्तर 'हो' आहे. मोठी माणसं खोटं बोलायच्या आधी हसतात. ते हसले नाहीत. माझा दांड्यावरचा हात नुसता दाबला आणि उठून बाहेर गेले. खूप वेळ आले नाहीत. आले ते कानाला मोबाइल लावून, आणि तो त्यांनी माझ्या कानाला लावला.

"मी काही येत नाही," आत्या म्हणाली. नेहमीसारखीच, भांडल्यासारखी. "म्हशी कोनाच्या भरवशावर टाकू? तुले बरं वाटलं की तूच ये इकडे. मले काही कामं नाहीत काय?"

माझ्या हातांनी दांडा सोडला. ती येणार नाही म्हणजे मी जाणार नाही. मी जेवायला मागितलं.

त्यानंतर डबा चांगला यायला लागला. काकूकडूनच येतो असं आई म्हणायची. मीठ नव्हतंच, पण लसणाची फोडणी, लिंबू, पापुद्र्याची भाकर. काकूच्या हाताला अशी चव कधी नव्हती, पण भुकेपुढे कोण चौकशी करतं. दर दोन दिवसांनी मोठी आई यायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "एवढा लाड करे पोरीचा, अन् आता पाय नाही निघत घरातून. म्हशी पोरीपेक्षा जास्त झाल्या." बाबा खिडकीबाहेर बघत. एरवी बहिणीबद्दल कुणी ब्र काढला तरी भांडणारा माणूस, पण तेव्हा गप्प बसला. मला आत्याचा राग आला नाही. तिने येऊ नये एवढीच माझी इच्छा होती, आणि ती इच्छा धरल्याची लाज वाटायची.

एका सकाळी नळीतली लघवी तापवूनही पाण्यासारखीच राहिली. आईने पडद्याला हात लावला नाही. ती तिथेच खाली बसली आणि रडली. हळूहळू सूज उतरली, नडगीवर खड्डा पडेना. मी घरी आले.

या आजाराचं एक आहे, तो पुन्हा येतो. डॉक्टर त्याला रिलॅप्स म्हणतात. सर्दी-तापाचंही निमित्त पुरतं. ज्यांच्या मुलाला हा झाला असेल त्यांनी गोळ्या आपल्या मनाने कमी करू नयेत, आणि गालांवर विश्वास ठेवू नये. मला तो दहाव्या वर्षी परत आला. तेच यवतमाळ, तोच वॉर्ड. आणि पहिल्याच संध्याकाळी दार उघडलं आणि पिशवी घेऊन आत्या आत आली.

मी चादर तोंडावर ओढली. दहा वर्षांची झाले होते, पण भीती सात वर्षांचीच होती. आतूनच ओरडले, "तू काहून आली?"

खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग आत्याचा.

"मागच्या बारीलेही आलतीच मी. मेली काय तू?"

मी चादर खाली केली. आईकडे बघितलं. आईने मान हलवली.

मागच्या वेळी बाबा तिला जिन्यात भेटले होते. ती अर्ध्यावर चढली होती. बाबांनी माझा प्रश्न सांगितला. ती तिथेच पायरीवर बसली, डबा बाबांच्या हातात दिला आणि खाली उतरली. खालच्या कडुनिंबाच्या पारावरून तिने मला तो फोन केला. मग मी घरी जाईपर्यंत ती काकूकडे राहिली. पहाटे स्वयंपाक, मग सकाळपासून डबा घेऊन पारावर. म्हशी खरंच शेजाऱ्यांच्या भरवशावर होत्या. मोठी आई जाताना-येताना दिसली की ती तोंडावर पदर घेऊन झाडामागे व्हायची. मोठ्या आईचे टोमणे बाबा तिला सांगायचे, आणि ती म्हणायची, "बोलू दे. पोरीच्या कानावर पडून राह्यलं ना, मी आली नाही म्हनून? झालं मग."

"तुह्या वॉर्डाची खिडकी दिसे तिथून," आत्या मला म्हणाली. "पडदा ओढला की कळे मले, आजही पांढरं आलं." मग तिने माझे गाल दाबून पाहिले, नडगीवर अंगठा दाबला आणि खड्ड्याकडे बघत राहिली. "हे मीच अंग समजली होती," ती म्हणाली आणि डबा उघडला.

त्यानंतर रिलॅप्स दोनदा आला आणि पुढे आलाच नाही. आत्या प्रत्येक वेळी वर आली.

आता मी दारव्ह्याच्या शाळेत शिकवते. ओळखीचं कुणाचं मूल दवाखान्यात असलं की मीही जाते. डबा करून नेते, आईवडिलांच्या हातात देते आणि खाली बसते. वरून त्या मुलाने बोलावलं, तरच जिना चढते.