वन्सं पुन्हा जिमला जातात

माझ्या थोरल्या नणंदेइतकं रागीट माणूस अख्ख्या पलूस तालुक्यात सापडायचं नाही. वन्सं पातळ दुधावर रागावतात, उशिरा आलेल्या एसटीवर रागावतात, आणि उसाच्या ट्रॉलीनं रस्ता अडवला तर गाडीतून खाली उतरून रागावतात. त्यांच्या नुसत्या बघण्यानं एकानं भरलेला ट्रॅक्टर मागं घेतला, असं माझे यजमान सांगतात. अर्थात ते धाकटे भाऊ. त्यांची भीती लहानपणापासूनची आहे.

कॉलेजात असताना वन्सं सांगलीला वेटलिफ्टिंग करायच्या. लग्नानंतरही जमेल तसं चालू होतं. मग त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि कित्येक वर्षं सगळं थांबलं. यंदा सासूबाई गेल्या. तेराव्याला एक पाहुणी म्हणाली, "सुटलीस बाई एकदाची." त्यावर वन्सं अशा काही उखडल्या, की पाहुणी पानावरून उठून गेली. पुढच्याच आठवड्यात त्यांनी जिममध्ये नाव घातलं आणि सोबतीला मला ओढून नेलं.

तिथल्या ट्रेनरनं त्यांच्या हातात गुलाबी डंबेल्स ठेवली. "काकू, तुमच्या वयाला एवढी बास."

किडकी वांगी न्याहाळावीत तशी वन्संनी ती न्याहाळली. "ह्यानं काय करू? पापड लाटू?"

मग त्या गाण्यांवर रागावल्या. आरशासमोर केस नीट करणाऱ्यांवर रागावल्या. शेवटी ट्रेनर नको म्हणत असताना त्यांनी मोठ्या दांडीला जुन्या सवयीनं वजनं चढवली, वाकल्या, श्वास कोंडून ओढली. दांडी जमिनीवरून हलली नाही. पुन्हा ओढली. तरी नाही.

मी म्हटलं, "वन्सं, हळूहळू येईल. सोडून किती वर्षं झाली."

"कुणी सोडलं?" त्या माझ्यावरच उसळल्या. "म्हातारीला रोज कोण उचलत हुतं? खाटंवरनं खुर्चीत, खुर्चीतनं न्हाणीत. ती काय ह्या लोखंडापेक्षा हलकी हुती व्हय?"

एवढं बोलून त्या बाकावर बसल्या. बराच वेळ तळहात चोळत राहिल्या.

"पर म्हातारी गळ्याला धरायची गं," त्या हळूच म्हणाल्या. "निम्मं वजन तितंच कमी व्हायचं."

थोड्या वेळानं त्या उठल्या, दोन्ही बाजूंची वजनं स्वतःच काढून ठेवली आणि दांडी उचलली. ट्रेनर टाळ्या वाजवायला लागला, तर त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याचे हात हवेतच राहिले. मग त्या वाकल्या आणि झोप लागलेल्या माणसाला अंथरुणावर ठेवावं, तशी ती दांडी त्यांनी अजिबात आवाज होऊ न देता खाली ठेवली.