मिरचीचा नंबर

शिलाईवाल्या मावशींनी नवऱ्याला भर मैदानात झोक्याला बांधून ठेवलंय, ही बातमी दूध तापायच्या आत साऱ्या गल्लीत पोचली. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढता चढता तिला तिखटमीठही लागलं. म्हणे, तोंडावर पट्टी होती.

तोंडावर काही नव्हतं हो. पट्टे होते ते छातीला आणि कमरेला. आणि काका, म्हणजे मावशींचे यजमान, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन त्यात बसले होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, मागून कुणी ढकलायची सवय नाही.

"मी काय वाळूचं पोतं आहे?" त्यांनी कुरकुर करून पाहिली.

"पोतं बोलत नाही," असं म्हणून मावशींनी ढकललं. "शिवण उसवलीच तर आधी तुम्ही पडा."

सगळा खटाटोप नातीसाठी. तिला सगळे मिरची म्हणतात. तिला पाठ सावरून बसता येत नाही, साखळी धरायची तर बोटं ऐकत नाहीत; जिभेची मात्र काही तक्रार नाही. रोज संध्याकाळी ती चाकांच्या खुर्चीत, बाकाशेजारी बसून इतरांचे झोके बघायची. हल्ली मात्र मैदानाचं नाव काढलं की तोंड फिरवायची. मावशींना ते फार लागलं. त्यांनी तंबूचं जाड कापड आणलं, उंच पाठीची बैठक शिवली, काकांच्या वजनावर पारखली, मग मिरचीच्या मापाला आवळून घेतली आणि तिला तीत बसवलं.

झोका वर गेला. मिरची खिदळली. पण पोरं आपापला खेळ सोडून भोवती जमली आणि टाळ्या वाजवायला लागली.

मिरचीचं हसू मावळलं. "आजी, खाली घे मला. मी काय सर्कशीतलं अस्वल आहे?"

"मग आम्हालाही बसू दे," म्हणत, ती उतरताच शेजारचा लाडू आत शिरला आणि कमरेतच अडकला. दोघांनी ओढून काढला त्याला.

मावशींनी कपाळावर हात मारला. कुणाच्याही पोरीच्या फ्रॉकला, पुढे उसवून वाढवता यावा म्हणून, आत चांगली बोटभर माया सोडणारी बाई, आणि इथे नातीच्या अंगाबरहुकूम शिवून मोकळी झाली होती. रातोरात काही झालं नाही. दोन ब्लाउजवाल्या रुसल्या, तेव्हा कुठे बैठक उसवून ऐसपैस झाली आणि दप्तरासारखे लहानमोठे होणारे पट्टे लागले.

आता लाडू मावतो. गलबल्याला घाबरून भिंतीला चिकटणारी वॉचमनची मुलगी एकदा आत शिरली, ती उतरेचना. बाकीचे झोके रिकामे आणि या एकापुढे रांग. रांगेत चाकांच्या खुर्चीतून मिरची ओरडतेय, "ए लाडू, झालं ना तुझं? उतर की. माझा नंबर आहे."

सून तणतणत आली. "आई, झोका शिवलात हिच्यासाठी, आणि हीच ताटकळतेय. बघा, कशी भांडतेय सगळ्यांशी."

मावशींनी दातातला दोरा तोडला. "भांडू दे गं. बाकाशेजारी बसून कुणाशी भांडणार होती?"