सावलीवरून मारलेली उडी

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासरी, बावड्यात, हळदीच्या पाण्याच्या परातीत अंगठी शोधण्याचे दोन डाव झाले. पहिला मी जिंकले, दुसरा नवरा. तिसरा राहून गेला, कारण जेजुरीला निघायची वेळ झाली होती.

त्या दिवशी मला एकच गोष्ट हवी होती. जेजुरीपर्यंत गाडी मी चालवायची. माहेरी जळोचीहून बारामतीतल्या वृत्तपत्राच्या कचेरीत मी रोज गाडी घेऊन जात असे. इथे कोणी विचारलंच नाही. म्हणून सगळ्यांच्या आधी जाऊन मी स्टिअरिंगसमोर बसले आणि उठले नाही.

नवरा शेजारी बसला. मागे सासरे, चुलत सासूबाई आणि नणंद.

"नवी नवरी गाडी हाकती, लोक काय म्हणत्याल?" चुलत सासूबाई म्हणाल्या.

"लोकांचं जाऊ द्या," सासरे म्हणाले. त्यांना घरात सगळे तात्या म्हणतात. "रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या हायत. हिला जमंल व्हय?"

"तिसरा डाव ऱ्हायलाय की," नणंद म्हणाली आणि तिने आपला मोबाइल समोरच्या स्टँडला अडकवला. "ह्यावर खेळा. जिंकंल त्याची गाडी. व्हय का न्हाय, तात्या?"

तात्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, हा खेळ साखर कारखान्यावर वजनकाट्याच्या रांगेत बसून खेळत आलेला. तात्या लगेच "व्हय" म्हणाले.

खेळात शहरातल्या रस्त्यावर एक मुलगी न थांबता पळते. तीन पट्टे, समोरून बस, मध्येच अडथळे. धडकली की डाव संपला. जो लांब जाईल तो जिंकला.

नवरा आधी खेळला. पडद्यावर लांबचा रस्ता डावीकडे वळला की तोही डावीकडे कलायचा, आणि त्याच्यामागे गाडीतले सगळे. "मधल्या सरीत ऱ्हा, लेका!" तात्या पट्ट्याला उसातली सरी समजून ओरडत होते. पुढे रस्त्यावर पुलाची काळी सावली आडवी पडली होती. ती चर आहे असं समजून त्याने मुलीला उडी मारायला लावली. मुलगी पुलाखाली टांगलेल्या पाटीवर आपटली.

"सावलीवरनं उडी मारलीस व्हय रं!" तात्या म्हणाले.

तोवर माझ्या दोन गोष्टी लक्षात आल्या होत्या. लांबचं वळण नुसतं दिसतं, जवळ गेलं की रस्ता सरळच असतो. आणि सावली कोणाला अडवत नाही. मी मुलीकडे पाहिलंच नाही. बस जिथून उगवतात त्या वरच्या टोकावर नजर ठेवली आणि कडेची नाणी सोडून दिली.

"पैसं सोडतीया बघा!" चुलत सासूबाई कळवळल्या.

वेग वाढला. मधल्या एका ठिपक्यातून इमारती फुटून चारी बाजूंनी अंगावर येऊ लागल्या. नवऱ्याचा आकडा मागे पडला तेव्हा नणंद माझ्या कानातच किंचाळली आणि मी बसवर धडकले.

मान वर केली. समोरचं फाटक लांब चाललं होतं. गाडी घरंगळत मागच्या गोठ्याकडे निघाली आहे अशी माझी खात्री झाली. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

"मागं चाललीय गाडी!"

"चालूच केली न्हाईस अजून," नवरा म्हणाला आणि हसत सुटला. नणंद हसून सीटवर आडवी झाली. जिंकलेली गाडी आता हातची जाणार, हे मला दिसत होतं.

"गप बसा," तात्या म्हणाले. खिडकीच्या वरची कडी त्यांनी घट्ट धरली होती. "जातीया खरं. मलाबी दिसतंय."

"मलाबी गाडी हालल्यागत वाटतंय," चुलत सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या.

"पोरीनं पयला ब्रेक मारला," तात्या मुलाकडे बघत म्हणाले. "तू काय केलंस? हसलास."

खेळातला पळता रस्ता डोळ्यांतून ओसरला तसं फाटक हळूहळू जागेवर आलं. ते आता हलत नाही ना, हे तात्यांनी मान बाहेर काढून पाहिलं.

"हां," ते म्हणाले. "आता मार किल्ली."